घरासाठी ब्रॉडबँड निवडताना : दारापर्यंतची तार, सेवा देणारी कंपनी आणि भिंतीवरचा डबा

पुणे, ठाणे, नाशिक किंवा कोल्हापूर यांसारख्या शहरांतील एकाच इमारतीत आज तीन-चार कंपन्यांच्या इंटरनेट तारा आलेल्या दिसतात, आणि प्रत्येक कंपनीचे पत्रक शंभर, दोनशे, पाचशे एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, म्हणजे वेगाचे माप) अशा आकड्यांनी भरलेले असते. साहजिकच ग्राहक आकडा आणि महिन्याचे भाडे यांची तुलना करून निर्णय घेतो. माझ्या मते ही तुलना सर्वांत शेवटी करावी. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत : आपल्या दारापर्यंतचे शेवटचे काहीशे मीटर इंटरनेट कशावरून येते, तिथे बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण येते, आणि घरात बसवला जाणारा डबा, म्हणजे मोडेम किंवा राउटर, किती क्षमतेचा आहे. संध्याकाळी नेट का मंदावते, पावसाळ्यात ते का जाते, आतल्या खोलीत ते का पोचत नाही, या रोजच्या तक्रारींची मुळे बहुतेक वेळा या तीन गोष्टींतच सापडतात.

शेवटच्या टप्प्यावर इतका भर देण्याचे कारण असे, की त्याच्या मागचे जाळे सर्व कंपन्यांचे एकाच पद्धतीचे असते. शहराशहरांना जोडणाऱ्या मुख्य वाहिन्या काचेच्या तंतूंच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या आहेत, आणि भारताला परदेशाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या अनेक केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे मुंबई ते पुणे हे साधारण दीडशे किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन कापायला त्याला दीड मिलिसेकंद पुरतो. म्हणून घरचे नेट अडखळते तेव्हा दोष आपल्या गल्लीतील पेटीत, गच्चीवरच्या स्विचमध्ये (एक जोडणी अनेक घरांत वाटणाऱ्या यंत्रात) किंवा घरातल्या वायफायमध्ये आधी शोधावा.

तांबे, टीव्हीची केबल आणि गच्चीवरचा स्विच

भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनवरून नंबर फिरवून मिळत असे आणि तेवढा वेळ फोन अडून राहत असे. केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण २००४ मध्ये आले, त्यात किमान २५६ केबीपीएस (एक एमबीपीएसच्या साधारण चौथ्या भागाइतक्या) वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले गेले, आणि २००५ च्या जानेवारीत बीएसएनएल व एमटीएनएल यांनी फोनच्या त्याच तांब्याच्या तारेवरून ही सेवा द्यायला सुरुवात केली. माणसाच्या बोलण्यासाठी तारेवरील खालच्या कंपनसंख्यांचा अगदी थोडा भाग लागतो. त्याच्या वरचा रिकामा भाग माहितीसाठी वापरायचा, ही या एडीएसएल तंत्राची मूळ कल्पना होती. फोनजवळ लावायची छोटी फिल्टरची डबी याच दोन भागांना वेगळे करत असे. या तंत्राची सुधारित आवृत्ती एक्स्चेंजच्या अगदी जवळ २४ एमबीपीएसपर्यंत वेग देऊ शकते, पण तांब्यात संकेत अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो आणि चार-पाच किलोमीटरवर हातात जेमतेम एक-दोन एमबीपीएस उरतात. शिवाय तारेच्या प्रत्येक जोडात पावसाळ्यात ओल शिरते. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएसवर नेली, त्यामुळे एक्स्चेंजपासून लांबच्या अनेक तांब्याच्या जोडण्या त्या व्याख्येतही बसत नाहीत. बीएसएनएल स्वतः आपले लँडलाइन ग्राहक फायबरवर नेत आहे. ज्यांच्याकडे अजून तांब्याची तार आहे त्यांनी जुना नंबर फायबरवर कायम ठेवता येईल का, हे विचारून बदल करून घ्यावा.

टीव्हीच्या जाड केबलवरून येणारे इंटरनेट मुंबई-पुण्याच्या काही भागांत बरीच वर्षे लोकप्रिय होते. त्याला केबल मोडेम लागतो. खाली येणारा वेग त्यावर चांगला मिळतो, परंतु वर पाठवण्याचा वेग फार कमी असतो आणि एका भागातील अनेक घरे तीच केबल वाटून घेत असल्याने रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांनाच चणचण भासते. नवी जोडणी या प्रकारची घेण्याचे कारण आता क्वचितच उरते.

तिसऱ्या प्रकारावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तो फायबर या नावाखाली विकला जातो आणि ग्राहकाला फरक कळत नाही. यात फायबर इमारतीपर्यंत येते, गच्चीवर किंवा लिफ्टच्या खोलीत एक स्विच बसवलेला असतो, आणि तिथून प्रत्येक घरात संगणकाला लावतात तशी साधी लॅन केबल सोडलेली असते. या पद्धतीत वाईट असे काही नाही. नव्या इमारतीत नीट नळीतून टाकलेल्या चांगल्या केबलवरून एक गिगाबिटपर्यंत, म्हणजे हजार एमबीपीएसपर्यंत, वेग सहज मिळतो. अडचण येते ती जुन्या आणि घाईने केलेल्या कामात. लॅन केबलची मर्यादा शंभर मीटरची आहे, आणि दोन इमारतींच्या गच्च्यांवरून ताणलेली केबल ही मर्यादा पुष्कळदा ओलांडते. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे केबलमधील एखादी जोडी तुटली किंवा टोकाचा प्लग नीट बसवलेला नसला, तर दोनशेची योजना घेऊनही वेग पंच्याण्णवच्या आसपास अडकतो आणि कोणालाच कारण सापडत नाही. शिवाय हा स्विच विजेवर चालतो. इमारतीची सामायिक वीज गेली, की घरात इन्व्हर्टर असूनही नेट जाते. मे-जूनच्या वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर गच्चीवरील तांब्याच्या तारांत विजेचा दाब उसळतो आणि स्विचसोबत घरातील राउटरही जळतात.

आपली जोडणी यांपैकी कोणती आहे, हे ओळखणे सोपे आहे. राउटरमध्ये शिरणारी तार बोटाएवढी जाड नसली तरी चांगली भरीव असेल आणि तिच्या टोकाला आठ सोनेरी पट्ट्यांचा पारदर्शक प्लग असेल, तर ती लॅन केबल आहे. तार अगदी बारीक असेल आणि तिच्या टोकाला हिरवा किंवा निळा छोटा चौकोनी जोड असेल, तर फायबर खरोखर घरात आले आहे.

घरापर्यंत आलेले फायबर

घरात येणाऱ्या फायबरचे भारतातील सर्वांत प्रचलित तंत्र जीपॉन हे आहे. कंपनीच्या केंद्रात किंवा परिसरातील पेटीत ओएलटी नावाचे यंत्र असते. त्याच्या एका खिडकीतून, म्हणजे पोर्टमधून, काचेचा एकच तंतू बाहेर पडतो, वाटेत स्प्लिटर नावाच्या काचेच्याच एका तुकड्यात त्याचा प्रकाश ३२ किंवा ६४ वाटांत विभागला जातो, आणि प्रत्येक वाट एका घरातील ओएनटीपर्यंत जाते. ओएनटी म्हणजे प्रकाशाचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर करणारा डबा. केंद्राकडून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घराकडून केंद्राकडे जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, म्हणून एकाच तंतूवर दोन्ही दिशांची वाहतूक एकमेकांना न धडकता चालते. खाली येताना सर्व घरांची माहिती सर्वांपर्यंत पोचते, ती कूटबद्ध असते, आणि प्रत्येक ओएनटी फक्त आपला भाग उचलतो. वर जाताना मात्र सगळे एकदम बोलले तर गोंधळ होईल, म्हणून ग्रामसभेत अध्यक्ष एकेकाला नाव घेऊन बोलायला सांगतात त्याप्रमाणे ओएलटी प्रत्येक ओएनटीला सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागापुरती वेळ नेमून देते.

या रचनेचा सर्वांत मोठा गुण असा, की ओएलटी आणि घर यांच्यामध्ये वीज लागणारे काहीच नसते. स्प्लिटरला वीज नको, पंखा नको, बॅटरी नको. ज्या तालुक्यांत भारनियमन असते, किंवा कोकणात जिथे वादळी पावसात दोन-दोन दिवस वीज नसते, तिथे हा गुण वेगापेक्षा महत्त्वाचा ठरतो. ओएलटीच्या केंद्राला बॅटरी किंवा जनरेटर असेल आणि घरातील ओएनटीला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावलेला असेल, तर गावभर अंधार असतानाही नेट चालू राहते. हा यूपीएस विकत घेताना आपल्या ओएनटीच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळतात ना, एवढे पाहावे. मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत किंवा घरून काम करणाऱ्यांच्या घरी ही छोटी वस्तू फार मोठा त्रास वाचवते.

वेगाच्या वाटपाचा हिशोबही समजून घेण्यासारखा आहे. जीपॉनमध्ये एका तंतूवर खाली येणारी एकूण क्षमता सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारी सुमारे १.२५ गिगाबिट असते. ती ३२ घरांत समान वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएसच्या आसपास येतात. तरीही कंपन्या याच तंतूवर दोनशे-तीनशेच्या योजना विकतात आणि त्या व्यवस्थित चालतात, कारण सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत. चित्रपट पाहणारे घर सतत पाच ते वीस एमबीपीएस घेते आणि मोठी फाइल उतरवणारे घर मिनिटभर पूर्ण वेग घेऊन थांबते. मात्र कंपनीने ६४ घरे जोडून ओएलटीच्या मागची वाहिनीही अपुरी ठेवली असेल, तर संध्याकाळी मंदगती येणारच. म्हणून योजना घेण्याआधी त्याच इमारतीतील शेजाऱ्याच्या घरी रात्री साडेआठ ते दहा या वेळात वेग मोजून पाहणे, हा कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वसनीय पुरावा आहे.

फायबरचे काम करणारी मुले घरी आली, की पहिला प्रश्न असतो, ‘पॉवर किती येते?’ येथे पॉवर म्हणजे वीज नव्हे, घरापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची तीव्रता. ती डीबीएम या मापात मोजतात आणि आकडा उणे असतो. ओएलटीमधून प्रकाश साधारण अधिक तीन डीबीएम तीव्रतेने निघतो असे धरू. तीन डेसिबल कमी होणे म्हणजे प्रकाश निम्मा होणे. ३२ वाटा करायच्या तर पाच वेळा निम्मे करावे लागते, म्हणून स्प्लिटरमध्येच पंधरा ते सतरा डेसिबल खर्च होतात, आणि बाकीचे थोडे तंतूच्या लांबीत, जोडांत व वळणांत जातात. घरात उणे १७ ते उणे २३ असा आकडा आला तर तार निरोगी समजावी. नेहमीच्या ओएनटीला उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो, पण त्या काठावर चालणारी जोडणी थोड्याशा ताणाने तुटते. बहुतेक ओएनटींच्या मांडणी (सेटिंग्जच्या) पानावर हा आकडा स्वतःला पाहता येतो. जोडणी नवी असताना तो लिहून ठेवावा. पुढे कधी नेट अडखळू लागले आणि आकडा चार-पाचने घसरलेला दिसला, तर दोष तारेत आहे हे फोनवर ठामपणे सांगता येते, आणि राउटर बंद करून चालू करा या सल्ल्यावर दिवस वाया जात नाहीत.

डब्यावर एलओएस असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाश पोचतच नाही असा त्याचा अर्थ. घरात उंदराने तार कुरतडली आहे का, कपाट सरकवताना ती दाराच्या फटीत चेपली आहे का, टोकाचा जोड सैल झाला आहे का, एवढे पाहून थेट तक्रार नोंदवावी. तंतू बोटाभोवती घट्ट गुंडाळण्याइतका वळवला, तरी प्रकाश वळणावर गळतो. म्हणून उरलेल्या तारेचे वेटोळे मोठे ठेवावे. हिरवा आणि निळा जोड एकमेकांत घुसवू नयेत, कारण हिरव्याचे टोक तिरपे घासलेले असते आणि निळ्याचे सरळ. आणि जोडणी चालू असताना तंतूच्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, तरी लेझरचाच असतो.

तार पोचत नाही तिथे

डोंगराळ वस्ती, तार ओढायला परवानगी नसलेली सोसायटी किंवा वर्षभरासाठीच भाड्याने घेतलेले घर, अशा ठिकाणी हवेतून येणारी जोडणी उपयोगी पडते. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली व मुंबईत आणि जिओने त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, एअरफायबर नावाने अशी सेवा सुरू केली. जिओच्या सेवेत गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक यंत्र बसते, ते जवळच्या मनोऱ्यावरून संकेत घेते आणि घरातील राउटरला तारेने देते. नावात फायबर असले तरी घरापर्यंतचा टप्पा रेडिओलहरींचा आहे, आणि त्याचे गुणदोषही रेडिओचे आहेत : मनोऱ्याच्या दिशेने नवी इमारत उभी राहिली तर संकेत कमी होतो, आणि त्याच मनोऱ्यावरील मोबाइलधारकांची गर्दी वाढली की वेग वरखाली होतो. फायबरच्या योजनांत महिन्याला ३३०० जीबी ही वापराची मर्यादा सर्रास दिसते. हवाई जोडणीत ती बरीच कमी, १००० जीबीच्या आसपास असते. एका कुटुंबाला तेवढीही बहुधा पुरते, परंतु घरात सतत चालणारे कॅमेरे असतील तर आधी हिशोब करावा.

उपग्रहावरून येणारे इंटरनेट दोन तऱ्हेचे असते. पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाकडे संकेत जाऊन-येऊन उत्तर मिळायला किमान अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे त्यावर संभाषण अडखळते. स्टारलिंकसारखे जाळे सुमारे ५५० किलोमीटरवरच्या हजारो उपग्रहांचे आहे आणि त्यात हा विलंब साध्या मोबाइल जोडणीइतका खाली येतो. स्टारलिंकला भारत सरकारचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. सह्याद्रीच्या आतल्या पाड्यांना अशा सेवेचा खरा उपयोग होईल. शहरातील ज्या घरात फायबर येते, त्याला तिची गरज नाही.

मोठी कंपनी की गल्लीतील केबलवाला

इंटरनेट सेवेचे परवाने तीन वर्गांचे असतात. अ वर्गाचा परवाना देशभरासाठी, ब वर्गाचा एका दूरसंचार मंडळासाठी आणि क वर्गाचा साधारण एखाद्या जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी असतो. या मंडळांत मुंबई वेगळी धरली जाते आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक मंडळ होते. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय कंपन्यांशेजारी असे छोटे परवानेधारक दिसतात, आणि दोघांच्याही वतीने शेवटची तार ओढणारा माणूस पुष्कळदा एकच असतो : पूर्वी टीव्हीची केबल देणारा स्थानिक भागीदार. बीएसएनएलचे फायबरही अनेक ठिकाणी असेच भागीदारांमार्फत येते. म्हणून कंपनी निवडताना तिच्या नावाइतकाच या माणसाचा लौकिक विचारावा. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने तंतू तोडला, किंवा महापालिकेने लोंबत्या तारा कापल्या, की स्प्लायसिंगचे, म्हणजे तुटलेला तंतू जोडण्याचे, यंत्र घेऊन त्याच संध्याकाळी खांबावर चढणारा माणूस जिच्याकडे आहे, ती कंपनी तुमच्यासाठी चांगली. हे माझे ठाम मत आहे, आणि पन्नास रुपये स्वस्त योजनेसाठी ते सोडू नये असेच मी ओळखीच्यांना सांगतो.

छोट्या कंपनीकडे जाताना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. पहिली, मुंबईतून किंवा पुण्यातून ती बँडविड्थ, म्हणजे पुढची इंटरनेट क्षमता, कोणाकडून घेते आणि तिला एकापेक्षा अधिक वाटा आहेत का. एकच वाट असेल तर ती तुटल्यावर सगळा तालुका बंद पडतो. दुसरी, बिल रीतसर मिळते का. इंटरनेट सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि जाहिरातीतील किंमत बहुधा त्याशिवायची असते, त्यामुळे ३९९ रुपयांची योजना प्रत्यक्षात ४७० रुपये ८२ पैशांना पडते. ज्या घरात बिलच मिळत नाही, त्या घराकडे तक्रारीच्या वेळी दाखवायला कागद नसतो.

मोठ्या-लहान सर्वच कंपन्यांत आढळणारी आणखी एक बाब म्हणजे आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपली जोडणी ओळखण्याचा क्रमांक. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात संपत आल्याने कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरच्या जगाकडे एकाच पत्त्यामागे ठेवतात. चित्रपट पाहणे, बँकेचे काम किंवा व्हिडिओ कॉल यांना त्याने काही फरक पडत नाही. पण गावच्या घरी लावलेल्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरशी (चित्रण साठवणाऱ्या डब्याशी) परगावातून थेट संपर्क साधायचा असेल, तर बाहेरून आत येण्याचा रस्ताच नसतो. अशा वेळी कंपनीकडून जादा शुल्क देऊन स्थिर, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र, आयपी घ्यावा लागतो, किंवा निर्मात्याच्या स्वतःच्या क्लाउडमार्गे चालणारा कॅमेरा घ्यावा लागतो. ही चौकशी कॅमेरे विकत घेण्याच्या आधी करावी.

घरातला डबा

आपण ज्याला सरसकट मोडेम किंवा राउटर म्हणतो त्यात खरे तर दोन-तीन कामे एकत्र असतात. बाहेरच्या तारेवरील संकेताचे रूपांतर करणे हे पहिले काम. तांब्यावर ते एडीएसएल मोडेम करतो, टीव्हीच्या केबलवर केबल मोडेम आणि फायबरवर ओएनटी. लॅन केबल थेट घरात येते तिथे या कामाची गरजच नसते. आलेली एक जोडणी घरातील अनेक उपकरणांत वाटणे हे राउटरचे काम, आणि ती वाटणी बिनतारी करणे हे वायफायचे. आजकाल कंपनी देते तो ओएनटी ही तिन्ही कामे एकटाच करतो.

स्वतःचा डबा घ्यावा का, याचे उत्तर जोडणीच्या प्रकारावर अवलंबून आहे. लॅन केबल येत असेल, तर कोणताही चांगला राउटर चालतो. कंपनीने दिलेले वापरकर्ता नाव व पासवर्ड त्यात भरले की झाले, फक्त काही कंपन्या राउटरचा मॅक पत्ता (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) आपल्याकडे नोंदवून घेतात. फायबरचे तसे नाही. ओएनटीचा अनुक्रमांक ओएलटीवर नोंदवावा लागतो, जीपॉन आणि ईपॉन ही फायबरची दोन तंत्रे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मोठ्या खासगी कंपन्या बहुधा आपलाच डबा वापरायला लावतात. बाजारात एक्सपॉन नावाने मिळणारे डबे दोन्ही तंत्रांवर चालतात, पण कंपनीने नोंद करायला नकार दिला तर तेही निरुपयोगी ठरतात. त्यामुळे फायबर असेल तर ओएनटी कंपनीचाच राहू द्यावा आणि खर्च करायचाच असेल तर त्याच्यापुढे चांगला राउटर जोडण्यावर करावा. शक्य असल्यास ओएनटी ब्रिज पद्धतीवर (फक्त संकेताचे रूपांतर करून पुढे देण्यावर) ठेवायला सांगावे, म्हणजे राउटरचे काम दोन डबे एकाच वेळी करत बसत नाहीत. डबा अनामत रकमेवर दिलेला असेल, तर जोडणी सोडताना तो परत केल्याची पावती घ्यायला विसरू नये.

डब्याच्या बाबतीत दोन गोष्टी तपासाव्यात. मागील लॅनच्या खिडक्या शंभर एमबीपीएसच्या असतील, तर तारेने जोडलेल्या संगणकाला पंच्याण्णवपेक्षा अधिक मिळणार नाही, मग योजना पाचशेची असो. आणि वायफाय एकाच, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालत असेल, तर दाट वस्तीत चाळीस-पन्नास एमबीपीएसच्या पुढे जाणे कठीण, कारण त्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत आणि शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच वापरतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान आहे, पण त्याच्या लहरी भिंतींत अधिक अडतात. विटांच्या जाड भिंतींचे जुने घर, जांभ्या दगडाचे कोकणी घर किंवा काँक्रीटच्या भिंतींची नवी इमारत यांत डबा दाराशेजारच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवला, तर पलीकडच्या खोलीत काहीच पोचत नाही. जोडणी देणारी माणसे आपल्या सोयीने तार जिथे आत येते तिथेच डबा ठोकतात; त्यांना थांबवून दहा-पंधरा मीटर जादा तार मागावी आणि डबा घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला बसवून घ्यावा. एवढे करूनही वरच्या मजल्यावर पोचले नाही, तर वायफायचा संकेत पुन्हा पुढे पाठवणाऱ्या स्वस्त रिपीटरपेक्षा दुसरा राउटर लॅन केबलने जोडून वर ठेवणे अधिक खात्रीचे. बसवणाऱ्याने ठेवलेला सोपा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, वायफायचाही आणि डब्याच्या मांडणी पानाचाही.

आता वेगाचा आकडा. जाहिरातीतील एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने शंभर एमबीपीएसवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरतात आणि एक जीबीची फाइल यायला साधारण ऐंशी सेकंद लागतात. एका एचडी चित्रपटाला पाच, ४के चित्राला पंधरा ते पंचवीस आणि एका व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी तीन-चार एमबीपीएस पुरतात. चार-पाच जणांच्या कुटुंबाला ५० ते १०० एमबीपीएस म्हणूनच भरपूर होतात. दोन माणसे घरून काम करत असतील आणि फोटो-चित्रफिती सतत वर पाठवायच्या असतील, तर वर जाणारा वेग विचारावा, कारण काही योजनांत तो खाली येणाऱ्या वेगापेक्षा बराच कमी असतो आणि पत्रकात छापलेला नसतो. वेग मोजताना संगणक लॅन केबलने थेट डब्याला जोडावा. वायफायवर मोजलेला कमी आकडा दाखवून कंपनीशी वाद घालता येत नाही. तारेवर वेग पूर्ण आणि वायफायवर कमी असेल, तर दुरुस्ती घरातच करायची आहे.

बिघाडाची तक्रार केबलवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर केली, तरी ती कंपनीच्या तक्रार केंद्रातही नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा, कारण पुढची सगळी वाट त्या क्रमांकावर चालते. तिथे समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार देता येते. दूरसंचार सेवेचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत, असा युक्तिवाद कंपन्या अनेक वर्षे करत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो फेटाळला, त्यामुळे बिल, तक्रार क्रमांक आणि वेगाच्या नोंदी हाती असलेला ग्राहक आता आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो.